फलंदाजाचा व्यत्यय : सॉफ्टबॉल पंचांच्या निर्णयशक्तीची कसोटी

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खापा येथील एखाद्या शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणावे. मुलींचा सॉफ्टबॉल सामना अखेरच्या डावात आहे. फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे आहे, एक खेळाडू बाद झालेली आहे आणि पहिल्या बेसवर धावक उभी आहे. पिचरच्या हातातून चेंडू सुटताच धावक दुसऱ्या बेसकडे झेपावते. फलंदाज जोरकस फटका मारू पाहते, चेंडू हुकतो, दुसरा स्ट्राइक होतो आणि स्वतःच्याच फटक्याच्या झोकाने तिचा एक पाय होम प्लेटवर येतो. कॅचर चेंडू घेऊन उठते, समोर आलेल्या फलंदाजामुळे क्षणभर थबकते आणि घाईत केलेली तिची फेक दुसऱ्या बेसवरून थेट मैदानाच्या मागच्या भागात जाते. धावक तिसरा बेस गाठते. तेवढ्यात होम प्लेटमागचे पंच दोन्ही हात उंचावून चेंडू मृत झाल्याचे जाहीर करतात, फलंदाजाला बाद देतात आणि धावकाला पहिल्या बेसवर परत पाठवतात.

प्रसंग काल्पनिक असला तरी सॉफ्टबॉलच्या कोणत्याही मैदानावर तो घडू शकतो. त्यानंतर होणारा गलकाही ठरलेला असतो. एका बाजूने ‘स्पर्श तर झालाच नाही’ असा आक्षेप येतो, तर दुसऱ्या बाजूने ‘तिने मुद्दामच केले’ अशी तक्रार होते. गंमत अशी की, या प्रसंगात हे दोन्ही मुद्दे गैरलागू आहेत. नियम येथे स्पर्शाचा पुरावा मागत नाही आणि हेतूचाही शोध घेत नाही. फलंदाजाने आपली चौकट सोडली काय आणि त्यामुळे कॅचरची चेंडू पकडण्याची अथवा फेकण्याची संधी बाधित झाली काय, एवढेच पंचांना पाहायचे असते. हे ‘एवढेच’ पाहणे मात्र अत्यंत अवघड असते.

व्यत्यय म्हणजे नेमके काय?

सॉफ्टबॉलच्या नियमांत अडथळ्याचे दोन स्वतंत्र प्रकार मानलेले आहेत. फलंदाजी करणाऱ्या संघातील कोणी क्षेत्ररक्षकाच्या खेळात अडथळा आणला, तर तो ‘इंटरफिअरन्स’ म्हणजे व्यत्यय होय. याउलट क्षेत्ररक्षकाने फलंदाजाच्या फटक्यात अथवा धावकाच्या मार्गात अडथळा आणला, तर त्यास ‘ऑब्स्ट्रक्शन’ म्हणजे अडवणूक म्हणतात. प्रेक्षकच नव्हे, तर खेळाडूदेखील या दोन शब्दांची अनेकदा गल्लत करतात. परंतु दोहोंचे परिणाम अगदी वेगळे आहेत. कॅचरच्या हातमोज्याने फलंदाजाच्या बॅटला अडथळा केला, तर पंच डावा हात आडवा धरून अडवणुकीची नोंद घेतात, खेळ पूर्ण होऊ देतात आणि नंतर फलंदाजाला त्याचा हक्क देतात. व्यत्ययाच्या बाबतीत असे थांबणे नसते. व्यत्यय घडताच चेंडू मृत होतो.

फलंदाजाचा व्यत्यय साधारणतः चार प्रकारे घडतो. पहिला, फलंदाजाने चौकटीबाहेर पाऊल टाकून कॅचरला चेंडू पकडण्यास किंवा फेकण्यास अडथळा करणे. दुसरा, चौकटीत राहूनच त्याला जाणीवपूर्वक अडथळा करणे. तिसरा, होम प्लेटवर धावकाला बाद करण्याचा प्रयत्न सुरू असताना त्यात आड येणे. चौथा, फेकलेल्या चेंडूला हेतुपुरस्सर अडवणे अथवा त्याची दिशा बदलणे. पहिल्या तीन प्रकारांची शिक्षा सर्वसाधारणपणे सारखीच आहे. चेंडू मृत, फलंदाज बाद आणि व्यत्ययाच्या क्षणी धावकांनी जो बेस शेवटचा नियमानुसार गाठला असेल, तेथे त्यांचे परतणे. तो बेस कोणता, हेही पंचच ठरवतात.

क्रिकेटशी तुलना

मराठी वाचकाला क्रिकेटचे उदाहरण जवळचे वाटेल. ६ फेब्रुवारी २००६ रोजी पेशावर येथील भारत-पाकिस्तान एकदिवसीय सामन्यात सुरेश रैनाने यष्ट्यांच्या दिशेने केलेली फेक इंझमाम-उल-हकने क्रीझबाहेर असताना बॅटने अडवली आणि भारतीय खेळाडूंच्या अपिलानंतर त्याला क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद देण्यात आले. क्रिकेटमध्ये अशा बादसाठी कृती हेतुपुरस्सर असावी लागते आणि क्षेत्ररक्षकांनी अपील करावे लागते.

सॉफ्टबॉलमध्ये या दोन्ही बाबतींत भेद आहे. येथे पंच अपिलाची वाट पाहत नाहीत. व्यत्यय दिसताच तो स्वतःहून जाहीर करणे हे त्यांचे कर्तव्य असते. शिवाय चौकटीबाहेर पाऊल पडले असेल, तर हेतूचा प्रश्नच उपस्थित होत नाही. फटक्याच्या झोकाने तोल गेला, पाय घसरला, ही कारणे खरी असली तरी ती बचाव ठरत नाहीत. आपला तोल सांभाळण्याची जबाबदारी फलंदाजाची आहे, त्याचा भुर्दंड कॅचरने सोसू नये, हे या नियमामागील तत्त्व होय. क्रिकेट पाहून वाढलेल्या खेळाडूंना हे पचायला जड जाते आणि वादाचे मूळ बहुधा येथेच असते.

चौकटीचे माप

फलंदाजाची चौकट ७ फूट लांब आणि ३ फूट रुंद, म्हणजे सुमारे २.१३ मीटर बाय ०.९१ मीटर असते. होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक चौकट आखलेली असते. प्लेटपासून चौकटीची आतली रेषा अवघ्या ६ इंचांवर असते आणि पुढची रेषा प्लेटच्या मध्यापासून ४ फूट पुढे असते. रेषा चौकटीचाच भाग मानली जाते. कॅचरला फेकण्यासाठी मोकळी मिळणारी वाट म्हणजे ४३ सेंटिमीटर रुंदीची होम प्लेट आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या सहा-सहा इंचांच्या पट्ट्या. या अरुंद वाटेत फलंदाजाचा पाय, खांदा अथवा बॅट आली, तर कॅचरला फेकण्याची जागाच बदलावी लागते.

ग्रामीण भागातील मैदानांवर अडचण आणखी वाढते. सकाळी फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्या दोन डावांतच पायांखाली पुसल्या जातात. फलंदाज पाय रोवताना प्रथम आतली रेषाच खरडतात. रेषा दिसेनाशी झाली म्हणून चौकट नाहीशी होत नाही. मात्र ती कोठपर्यंत होती, हे मग पंचांना आपल्या नजरेने ठरवावे लागते. दोन डावांच्या मध्ये फक्की पुन्हा मारून घेणे हे वरकरणी किरकोळ वाटणारे काम निम्मे वाद टाळू शकते.

अर्ध्या पावलाचे गणित

अर्ध्या पावलाला इतके महत्त्व का, हे साध्या हिशेबातून उलगडते. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असते. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे तिरके अंतर २५.८६ मीटर भरते. महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे १३.११ मीटरवरून चेंडू टाकते. जलद पिचिंगच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटण्यापूर्वी धावकाला बेस सोडता येत नाही. तसे केल्यास ती बाद ठरते.

चेंडू सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जातो असे धरले, तर तो पिचरकडून कॅचरपर्यंत सुमारे पाऊण सेकंदाच्या आत पोहोचतो. कॅचरला चेंडू हातमोज्यातून काढून फेकण्यास एक सेकंद लागला आणि तिची फेकही त्याच वेगाची असली, तर दुसऱ्या बेसपर्यंत आणखी सव्वा ते दीड सेकंद जातो. एकूण वेळ तीन सेकंदांच्या आसपास होतो. सेकंदाला सहा मीटर धावणारी मुलगीही १८.२९ मीटरचे अंतर साधारण तीन सेकंदांतच कापते. म्हणजे चेंडू आणि धावक जवळजवळ एकाच क्षणी दुसऱ्या बेसवर पोहोचतात. अशा वेळी कॅचर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी जरी थबकली, तरी धावक सव्वा मीटर पुढे निघून जाते. बाद आणि नाबाद यांतील अंतर याहून कमी असते. फलंदाजाच्या अर्ध्या पावलाने सामन्याचे पारडे फिरते, ते असे.

चौकट म्हणजे अभयस्थान नव्हे

‘मी चौकटीतच होते’ हा बचाव फलंदाजांच्या तोंडी नेहमी असतो. तो अर्धाच खरा आहे. चौकटीत स्थिर उभ्या असलेल्या फलंदाजाने अदृश्य व्हावे अशी अपेक्षा नियम करीत नाही. फटका मारून ती जेथे होती तेथेच राहिली आणि कॅचरची फेक तिच्या खांद्यावर आदळली, तर एवढ्यावरून व्यत्यय सिद्ध होत नाही. उलट, व्यत्ययाचा निर्णय मिळावा म्हणून फलंदाजाच्या अंगावर मुद्दाम चेंडू फेकणाऱ्या कॅचरलाही पंचांनी ओळखले पाहिजे.

परंतु चौकटीत राहून कॅचरच्या बाजूला झुकणे, फेकीच्या क्षणी बॅट उंच करून वाटेत धरणे, चेंडू गेल्यावर विनाकारण मागे सरकणे या गोष्टी चौकटीत घडल्या तरी व्यत्ययच होत. येथे मात्र पंचांना फलंदाजाच्या कृतीचे स्वरूप पाहावे लागते. पारंपरिक नियमांत यासाठी ‘हेतुपुरस्सर’ असा शब्द होता. अमेरिकेतील ‘यूएसए सॉफ्टबॉल’च्या नियमावलीने पुढे त्याऐवजी ‘सक्रियपणे अडथळा करणे’ अशा आशयाची शब्दयोजना स्वीकारली. कारण उघड आहे. मनातील हेतू पंचांना दिसत नाही. हालचाल मात्र दिसते.

तिसऱ्या बेसच्या चोरीच्या वेळी उजव्या हाताने खेळणारी फलंदाज विशेष अडचणीची ठरते, कारण ती तिसऱ्या बेसच्याच बाजूला उभी असते आणि कॅचरची फेक तिच्या पुढून वा मागून काढावी लागते. दुसऱ्या बेसवरील फेकीच्या वेळी उजव्या हाताने फेकणाऱ्या कॅचरला डावखुऱ्या फलंदाजाची अडचण अधिक होते. त्यातही धावत पुढे येऊन चेंडूला चापट मारल्यागत फटका देणाऱ्या, म्हणजे ‘स्लॅप’ करणाऱ्या डावखुऱ्या फलंदाजांचा चेंडू हुकला, की त्या झोकाने चौकटीच्या पुढे गेलेल्या असतात आणि नेमक्या फेकीच्या वाटेवर येतात. अनुभवी पंच अशी फलंदाज येताच पहिल्या चेंडूपासूनच तिच्या पायांकडे लक्ष ठेवतात.

होम प्लेटवरचा पेच

तिसऱ्या बेसवर धावक असताना कॅचरच्या हातून चेंडू निसटला, म्हणजे खरी धांदल उडते. धावक होमकडे येते, कॅचर मागे पळून चेंडू उचलते, पिचर प्लेटवर धाव घेते आणि फलंदाज मध्येच उभी असते. अशा वेळी केवळ चौकटीत उभे राहणे पुरेसे नाही. बाजूला होण्यास पुरेसा वेळ असताना फलंदाजाने जागा मोकळी करून दिली पाहिजे. अमेरिकेतील शालेय सॉफ्टबॉलच्या नियमावलीत गर्दीची जागा सोडण्याचा रास्त प्रयत्न न करणे हा व्यत्ययाचाच प्रकार म्हणून नमूद केलेला आहे. चेंडू दोन-तीन पावलांवरच पडला आणि फेक तत्काळ आली, तर फलंदाजाला हलायला अवधीच नव्हता, असे पंच मानू शकतात. मात्र चेंडू मागच्या जाळीपर्यंत गेला असेल, तर ‘मला कळले नाही’ ही सबब चालत नाही.

याच ठिकाणी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांतील एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. बेसबॉलमध्ये दोनपेक्षा कमी खेळाडू बाद असताना फलंदाजाने होमवरील खेळात व्यत्यय आणला, तर होमकडे येणारा धावकच बाद ठरतो. सॉफ्टबॉलमध्ये फलंदाज बाद होते आणि धावकाला परत जावे लागते. दुसऱ्या बेसवरील फेकीच्या बाबतीतही असाच भेद आहे. बेसबॉलमध्ये व्यत्यय येऊनही कॅचरच्या पहिल्याच फेकीवर धावक बाद झाला, तर तो निकाल कायम राहतो. सॉफ्टबॉलमध्ये व्यत्ययाबरोबर चेंडू मृत होतो, हा सर्वसाधारण नियम आहे. दूरचित्रवाणीवर अमेरिकन बेसबॉल पाहून सॉफ्टबॉलचे नियम शिकणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

पाऊल तेच, निकाल वेगळा

आता आरंभीच्या प्रसंगाकडे पुन्हा वळू. हुकलेला चेंडू दुसरा स्ट्राइक होता, म्हणून फलंदाज व्यत्ययामुळे बाद झाली, धावक पहिल्या बेसवर परतली आणि दोन बाद अशा स्थितीत सामना पुढे सुरू राहिला. परंतु तोच तिसरा स्ट्राइक असता तर? पहिल्या बेसवर धावक असल्यामुळे आणि एकच खेळाडू बाद असल्यामुळे फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकवर तत्काळ बाद झाली असती. म्हणजे प्लेटवर पाऊल टाकतेवेळी ती आधीच बाद झालेली खेळाडू ठरली असती. बाद झालेल्या खेळाडूने दुसऱ्या धावकाला बाद करण्याच्या प्रयत्नात व्यत्यय आणला, तर व्यत्ययाच्या क्षणी होम प्लेटला सर्वात जवळ असलेला धावक बाद ठरतो. येथे पहिल्या बेसवरून निघालेली एकमेव धावक बाद होऊन तिसरा बळी पडला असता आणि सामना तेथेच संपला असता.

आणि तोच चौथा बॉल असता तर? फलंदाजाला पहिला बेस मिळाला असता आणि धावकाला दुसऱ्या बेसचा हक्क आपोआप प्राप्त झाला असता. जी धावक बाद होऊच शकत नाही, तिच्यावर केलेल्या फेकीत व्यत्यय कसला? धावकाने दुसरा बेस ओलांडून पुढे जाण्याचा प्रयत्न केला असता, तरच तो प्रश्न उद्भवला असता.

पाऊल तेच, जागा तीच, फेकही तीच. निकाल मात्र तीन प्रकारचा. म्हणूनच पंचांनी प्रत्येक चेंडूपूर्वी बॉल-स्ट्राइकची मोजणी, बाद खेळाडूंची संख्या आणि धावकांच्या जागा मनाशी उजळणी करून ठेवणे आवश्यक असते. प्रसंग घडल्यावर हिशेब मांडायला सवड मिळत नाही.

तिसऱ्या स्ट्राइकचा आणखी एक पेच आहे. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन खेळाडू बाद असतील आणि कॅचरने तिसरा स्ट्राइक नीट पकडला नाही, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावता येते. त्या क्षणी ती ‘फलंदाज-धावक’ बनते. सुटलेल्या चेंडूत तिने व्यत्यय आणला, तर ती बाद ठरते. पायाशी घुटमळणारा चेंडू चुकून लाथाडला गेला की कॅचरनेच तो तिच्या पायावर ढकलला, हे बारकाईने पाहणे पंचांचे काम होय.

बॅट जमिनीवर पडल्यावर चेंडू तिच्यावर आदळला, तर कोण कोणावर आदळले याला महत्त्व असते. टाकलेली बॅट घरंगळत जाऊन चेंडूला लागली, तर फलंदाज बाद. स्थिर पडलेल्या बॅटवर चेंडू येऊन लागला आणि पंचांच्या मते त्यात व्यत्ययाचा हेतू नव्हता, तर खेळ सुरू राहतो. तसेच कॅचरने पिचरकडे सहज परत केलेला चेंडू चौकटीतील फलंदाजाला चुकून लागला, तर तो व्यत्यय नव्हे. चेंडू जिवंत राहतो.

पंच काय पाहतात?

एवढ्या गुंतागुंतीतून एका क्षणात निर्णय घ्यायचा, तर विचारांना क्रम हवा. तो क्रम साधारण असा सांगता येईल. प्रथम, कॅचरला खरोखर कोणाला बाद करण्याची संधी होती काय? धावक हललीच नसेल, तर फलंदाजाचे भरकटणे निरुपद्रवी ठरते. दुसरे, फलंदाजाचे पाय कोठे होते? तिसरे, चौकटीत असल्यास तिने नेमकी कोणती हालचाल केली? चौथे, त्या हालचालीमुळे कॅचरच्या कृतीत फरक पडला काय? ती थबकली, बाजूला सरकली, फेकीचा हात वळवावा लागला, यांपैकी काही घडले काय? पाचवे, होमवरील खेळ असल्यास फलंदाजाला दूर होण्यास वेळ होता काय? आणि सहावे, त्या क्षणी ती फलंदाज होती, फलंदाज-धावक होती की आधीच बाद झालेली होती?

यांतील चौथा प्रश्न सर्वांत कठीण होय. कॅचरची फेक वाईट होती म्हणून व्यत्यय झाला, असे अनुमान काढणे चूक आहे. अनेक फेका कोणाचीही अडचण नसताना भरकटतात. त्याचप्रमाणे कॅचरने फेकच केली नाही म्हणून व्यत्यय नव्हता, असेही म्हणता येत नाही. वाट बंद झाल्यामुळे हात रोखावा लागला असेल, तर संधी हिरावली गेलीच. पंचांना फेकीच्या परिणामावर नव्हे, तर फेकीच्या आरंभावर नजर ठेवावी लागते.

म्हणूनच हा निर्णय प्रामुख्याने होम प्लेटमागील पंचांचा असतो. चेंडू आणि धावक यांच्यामागे नजर नेण्याचा मोह टाळून त्यांनी कॅचरची फेक हातातून सुटेपर्यंत प्लेटवरच लक्ष ठेवायचे असते. दुसऱ्या बेसवर काय झाले, ते पाहण्यास बेसवरचे पंच असतात. निर्णय देताना आवाज स्पष्ट आणि खूण ठाम असावी. प्रथम चेंडू मृत, मग व्यत्यय, मग बाद, मग धावकाची जागा, हा क्रम पाळल्यास मैदानावरील प्रत्येकाला काय घडले ते कळते. अनेक वाद निर्णयामुळे नव्हे, तर अस्पष्ट जाहीर करण्यामुळे वाढतात.

१९७५ चा धडा

या विषयावरील वादाचे सर्वांत गाजलेले उदाहरण बेसबॉलमधील आहे. १४ ऑक्टोबर १९७५ रोजी सिनसिनाटी येथे ‘वर्ल्ड सिरीज’चा तिसरा सामना बरोबरीत असताना दहाव्या डावात सिनसिनाटी रेड्सच्या एड आर्मब्रिस्टरने चेंडू हलकेच प्लेटसमोर ढकलला. चेंडू घेण्यास धावलेला बोस्टन रेड सॉक्सचा कॅचर कार्लटन फिस्क आणि पहिल्या बेसकडे निघताना क्षणभर थबकलेला आर्मब्रिस्टर यांची टक्कर झाली. त्यानंतर फिस्कने दुसऱ्या बेसकडे केलेली फेक मैदानाच्या मागच्या भागात गेली. धावक तिसऱ्या बेसवर आणि आर्मब्रिस्टर दुसऱ्या बेसवर पोहोचला. पंच लॅरी बार्नेट यांनी व्यत्यय दिला नाही. पुढे जो मॉर्गनच्या फटक्यावर सिनसिनाटीने सामना ६-५ असा जिंकला आणि अखेरीस मालिकाही ४-३ अशी जिंकली.

बार्नेट यांना या निर्णयापायी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. वस्तुतः चेंडूकडे जाणारा कॅचर आणि बेसकडे निघालेला फलंदाज आपापले काम करीत असताना त्यांचा स्पर्श झाला, तर सर्वसाधारणपणे तो कोणाचाही गुन्हा नाही, असे बेसबॉलच्या नियमावरील भाष्यात म्हटलेले आहे. आर्मब्रिस्टरचे थबकणे या मर्यादेत बसत होते की नव्हते, यावर पुढे अनेक वर्षे चर्चा होत राहिली. या प्रकरणाचा बोध एवढाच की, दृश्यफीत उपलब्ध असलेल्या जगातील सर्वोच्च पातळीवरील सामन्यातही असा निर्णय शेवटी मतावरच उभा असतो.

दाद कशाविरुद्ध मागता येते?

सॉफ्टबॉलच्या नियमांनुसार पंचांच्या मतावर अवलंबून असलेल्या निर्णयाविरुद्ध हरकत घेता येत नाही. फलंदाजाने अडथळा केला की नाही, हा मताचा प्रश्न असल्याने त्यावर दाद नाही. मात्र पंचांनी नियमाचा चुकीचा अर्थ लावला, चुकीचा नियम लावला अथवा चुकीची शिक्षा दिली, तर हरकत ग्राह्य धरली जाऊ शकते आणि ती पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी नोंदवावी लागते.

उदाहरणार्थ, ‘तिने अडथळा केलाच नाही’ ही हरकत फेटाळली जाईल. परंतु पंचांनी व्यत्यय जाहीर करून फलंदाजाला बाद दिले आणि तरीही धावकाला तिसऱ्या बेसवर राहू दिले, तर प्रशिक्षकाने जरूर बोलावे, कारण ती नियमाच्या अंमलबजावणीतील चूक आहे. ‘स्पर्श झाला नाही म्हणून व्यत्यय नाही’ असे कारण पंचांनी स्वतः सांगितले, तर तेही नियमाचे चुकीचे आकलन ठरते. हा भेद ज्या प्रशिक्षकाला ठाऊक असतो, तो कमी शब्दांत आपल्या संघाचे अधिक हित साधतो.

एका पंचाला दुसऱ्या पंचाचा निर्णय परस्पर फिरवण्याचा अधिकार नसतो. मात्र निर्णय देणाऱ्या पंचांनी सहकाऱ्याशी विचारविनिमय करण्यात कमीपणा नाही. धावक व्यत्ययाच्या क्षणी नेमकी कोठे होती, हे बेसवरच्या पंचांना अधिक चांगले दिसलेले असते.

पणाला काय लागते?

ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलचा समावेश १९९६ ते २००८ या काळात आणि त्यानंतर २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये होता. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये तो खेळ पुन्हा दाखल होत आहे. महाराष्ट्रात मात्र या खेळाचा खरा आधार शालेय स्पर्धा हाच आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत संघ पुढे जातात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका पराभवाने वर्षाची मेहनत संपते. दहावी-बारावीच्या परीक्षांतील क्रीडा गुणांची सवलत खेळाडूने गाठलेल्या स्पर्धेच्या पातळीशी निगडित असते आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा मार्गही वरच्या पातळीवरील यशातूनच जातो. खाप्यासारख्या गावातील मुलीच्या दृष्टीने जिल्ह्यातून विभागात जाणे ही केवळ एक फेरी नसते.

अशा सामन्यांत पंच म्हणून उभे राहणारे बहुधा क्रीडाशिक्षकच असतात. त्यांच्याजवळ दृश्यफीत नसते, कित्येकदा रेषाही उरलेल्या नसतात. असतात ते दोन डोळे आणि नियमांचा अभ्यास. निर्णयाविरुद्ध दाद नाही, याचा अर्थ पंचांना मोकळीक आहे असा नव्हे. जो निर्णय कोणी बदलू शकत नाही, तो देणाऱ्यावरच अधिक जबाबदारी येते.

खेळाडूंच्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. फटका हुकल्यावर तोल सांभाळून चौकटीत राहणे, तिसऱ्या बेसवरील धावक होमकडे निघताच बाजूला होणे आणि बॅट फेकून न देता खाली ठेवणे, या सवयी सरावातच अंगी बाणवता येतात. प्रशिक्षकांनी फलंदाजीच्या सरावात मागे कॅचर उभी करून चोरीच्या फेकीचा सराव एकत्र घेतला, तर फलंदाजाला आपले पाऊल कोठे पडते ते समजते आणि कॅचरलाही वाट काढून फेकण्याची सवय होते. सरावात सावरलेले हे पाऊल सामन्यात पंचांना निर्णय देण्याची वेळच येऊ देत नाही.